चार तळी, चाळीस चिंध्या

जंगलात नुसतं चालायलाही जाता येतं, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी एका सरकारी परिपत्रकातून समजलं. तोवर आमच्या घरातला जो कोणी जंगलात गेला, तो डोक्यावर काहीतरी घेऊनच परत आला होता. सरपण, तेंदूपत्ता, बांबू, आणि काहीच मिळालं नाही तर निदान ताप. रिकाम्या हाताने जायचं, रिकाम्या हाताने यायचं आणि वर त्याला आनंद म्हणायचं, हे आमच्यात कोणाला सुचलं नव्हतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी बालाघाटला एका सरकारी कार्यालयात ट्रेसर होतो. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तोच नकाशा पुन्हा काढायचा. नोकरी अस्थायी होती, लागून वर्षही झालं नव्हतं. खात्याचं नाव सांगत नाही. ते अजून आहे आणि त्याला राग लवकर येतो.

आमचे साहेब ग्वाल्हेरकडून बदलून आले होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना आपल्या टेबलाभोवती बोलावून एका इंग्रजी मासिकातलं चित्र दाखवलं. एक गोरा माणूस आणि एक गोरी बाई, दोघांच्या पाठीवर ही एवढी पोती, मागे तळं आणि चेहऱ्यावर हसू. त्या पोत्यांत काय असेल, यावर कार्यालयात दोन दिवस काम बंद पडून चर्चा झाली. शेवटी बडे बाबूंनी निकाल दिला.

"धान असंन. नाई त एवढं वझं कोन वाहतं?"

बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. वारासिवनीकडच्या एका गावातले, घरची शेती, मोठं खटलं. आमच्याशी मराठी बोलायचे आणि साहेबांशी हिंदी, आणि त्यांच्या हिंदीतले निम्मे शब्द 'जी साब' एवढेच असायचे. तेवढ्यावर माणूस हेडक्लार्क होऊ शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

साहेबांचं म्हणणं असं की, हे जे विलायतेत चालतं ते बालाघाट जिल्ह्यात का चालू नये? परसवाड्याच्या पलीकडे डोंगरात चार लहान तळी आहेत. आमच्याकडे अशा तळ्याला बोडी म्हणतात. जुन्या लोकांनी ओढे अडवून केलेल्या, आता भोवती सरई आणि ऐनाचं रान वाढलेलं. या चारही बोड्यांभोवती फिरणारी एक पायवाट होती. गुरांनी आणि लाकडं आणणाऱ्या बायकांनी कित्येक पिढ्या तुडवून केलेली. साहेबांनी ती शोधून काढली. तिला 'वनभ्रमण मार्ग' असं नाव दिलं, नकाशा काढायला मला सांगितलं आणि दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी स्वतः चालून तिचं उद्घाटन करणार असल्याचं परिपत्रक काढलं.

वाट चुकू नये म्हणून वळणावळणावर खुणा हव्या होत्या. साहेबांना झाडांवर लाल रंगाचे बाण हवे होते. जंगलखात्याने कळवलं की झाडांना रंग लावायचा असेल तर प्रत्येक झाडाचा क्रमांक कळवावा. मग लाल कापडाच्या पट्ट्या बांधायचं ठरलं. कापडाची मागणी वर गेली आणि वरच राहिली. फायली बांधायच्या लाल फितीचे गुंडाळे कपाटात होते, पण ते फायलींसाठी होते, झाडांसाठी नव्हते.

दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बडे बाबूंनी मला बोलावलं.

"तुया घरी एखादं जुनं लाल फडकं नाई का बे?"

"पाहतो."

"पाहतो काय? उद्या सकाळी गाडीनं जाय अन् बांधून ये. नाई त साहेब विचारंन, आन् मी तुयं नाव सांगीन."

अस्थायी माणसाच्या घरी सगळ्या रंगांची फडकी असावी लागतात.

आता आमच्या घराविषयी सांगतो. घरात तिघे. बा, आत्या आणि मी. माझी माय मी दोन वर्षांचा असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, फोटो काढण्याइतकी आमची ऐपत नव्हती. तेव्हा आम्ही खेड्यात राहायचो, बा हातमागावर कापड विणायचा. आमच्या लोकांनी विणलेलं कापड गाव नेसायचं, पण त्याच हातचं पाणी प्यायचं नाही. पुढे माग बंद पडला आणि बा बालाघाटला भातगिरणीत लागला. मला दहाव्या वर्षीच वसतिगृहात टाकलं होतं, त्यामुळे बाप म्हणजे सुट्टीत भेटणारा माणूस. आणि भेटला की माझ्या हाताकडे बघायचा. चपलेचा बंद, पोत्याचं तोंड, काहीही मी बांधलं की तो ते सोडून पुन्हा बांधायचा.

"एवढा शिकला, पन गाठ मारता येत नाई."

विणकराचं सगळं शास्त्र गाठीत असतं. सूत तुटलं की ते असं जोडायचं की हात फिरवला तरी कळू नये. माझ्या गाठी आंधळ्यालाही कळायच्या.

छप्पनच्या दसऱ्याला बा मला घेऊन नागपूरला गेला. दीक्षा घेऊन परत आला त्याच दिवशी त्याने घरातले देव एका टोपल्यात भरले आणि वैनगंगेत सोडले. आत्या म्हणाली, निदान आपल्या आईच्या वेळचा तेवढा एक ठेव. बा म्हणाला, सोळा पिढ्या हात जोडले, एकानं बी कधी 'ये, बस' म्हटलं नाई. तेव्हापासून त्याने कशालाही हात जोडलेले मी पाहिले नव्हते. वाटेतल्या शेंदराच्या दगडाला वळसा घालून जायचा, तोही उजवीकडून की डावीकडून याचा विचार करून; कुठून गेल्याने प्रदक्षिणा झाली असं वाटू नये म्हणून. त्यानंतर दर दसऱ्याला तो नागपूरला जायचा, तिथून भंडाऱ्याकडे नात्यागोत्यात फिरून पंधरा दिवसांनी परतायचा. त्या वर्षीही गेला होता.

घरात त्याची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेलं, माझ्या मायचं लग्नातलं लुगडं होतं. तांबडं, नऊवारी. बाने स्वतः विणलेलं. मायची एवढी एकच वस्तू या जगात उरली होती. दर वर्षी नागपूरहून आला की बा ते काढायचा, सावलीत पसरायचा आणि जुनी घडी मोडून नवी घालायचा. कापड वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं तर घडीवरच चिरतं. मी वसतिगृहात असल्यामुळे हे कधी पाहिलं नव्हतं, आणि बाने कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात जे मनात असायचं ते बोलायची पद्धत नव्हती.

तर लाल फडकं शोधत मी ती ट्रंक उघडली. आत्या वस्तीत कोणाकडे तरी पापड लाटायला गेली होती. धोतरात गुंडाळलेलं ते तांबडं कापड बघून मला वाटलं, गोधडीसाठी ठेवलेलं असणार. नोकरी वाचली म्हणून मी खूश झालो. फाडायला गेलो तर फाटेना. इतकं घट्ट विणलेलं कापड. विळीवर धरून चीर दिली, मग कुठे फाटलं. तेव्हाच कळायला हवं होतं, की फडकी अशी विणत नाहीत. पण मी नकाशा काढणारा माणूस. मापात चाळीस पट्ट्या झाल्या, काठ सगळ्यांना थोडा थोडा आला, याचंच मला कौतुक.

दुसऱ्या दिवशी परसवाड्याची गाडी धरून गेलो आणि चारही बोड्यांभोवती हिंडून चाळीस झाडांना चाळीस पट्ट्या बांधून आलो. माझ्या त्या गाठी.

पुढच्या शनिवारी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, मी कार्यालयातून घरी आलो तर आत्या उघड्या ट्रंकेसमोर बसलेली.

"बा सोमवारी येऊन राह्यला. म्हटलं, त्याच्या आधी जरा झटकून ठेवाव. याच्यातलं तांबडं कुठं हाय?"

मी सांगितलं. सांगता सांगता तिचा चेहरा बघून मी थांबलो. तिने ट्रंकेचं झाकण लावलं आणि म्हणाली, "ते तुया मायचं होतं." मग लुगड्याची सगळी हकिकत तिने मला पहिल्यांदा सांगितली. ज्या बाईचा चेहरा मला आठवत नव्हता, तिच्या अंगावरचं एकमेव कापड मी विळीवर चिरलं होतं, तेही कार्यालयाला फडकं मिळालं नाही म्हणून.

"सांगू नोको त्याले," आत्या म्हणाली. "आधी सगळे तुकडे आन. शिवून पाहीन. फाटलेलं दिसंनच, पन निदान सगळं त राहीन."

बा सोमवारी येणार होता. रविवारी साहेबांचं उद्घाटन. म्हणजे साहेबांना ज्या खुणा दाखवत न्यायचं, त्याच खुणा मला त्यांच्या पाठीमागे सोडून घ्यायच्या होत्या. विचार करून मी ठरवलं, आपण सगळ्यांच्या शेवटी चालायचं. वाट गोल आहे, मागे फिरायचं कोणाला कामच नाही. नकाशावर हे अगदी बरोबर दिसत होतं.

रविवारी सकाळी जीपने आम्ही तिघे पोहोचलो. साहेब, बडे बाबू आणि मी. कार्यालयातल्या बाकी सगळ्यांना एकाच दिवशी ताप आला होता. साहेबांच्या डोक्यावर हॅट, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण आणि पाठीवर मासिकातल्यासारखं पोतं. ते पोतं पहिल्या फर्लांगातच माझ्या पाठीवर आलं. आत धान नव्हतं. थर्मास, सतरंजी आणि पुऱ्या होत्या. बडे बाबू धोतर आणि पंपशूमध्ये. त्यांचा पितळेचा पाण्याचा चंबू त्यांच्याच हातात. तो मी उचलायचा नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. देशात कायदा झाला होता, कार्यालयात कायद्याचं पुस्तकही होतं, आणि चंबू बडे बाबूंच्या हातात होता.

पहिल्या वळणावर मी हबकलो. माझ्या तांबड्या पट्टीशेजारी त्याच झाडाला एक निळी चिंधी बांधलेली. तिच्या खाली एक पांढरी. पुढच्या झाडाला माझी पट्टी नव्हतीच मुळी, पण तिथेही बनियनचा तुकडा आणि बिडीच्या कट्ट्याचा दोरा लोंबत होता. जिकडे बघावं तिकडे झाडं चिंध्या नेसून उभी.

यात लोकांची काही चूक नव्हती. आमच्या भागातल्या रानात ही जुनी रीत आहे. वाटेवरच्या झाडाला कोणी चिंधी बांधलेली दिसली की समजायचं, इथे चिंध्यांचा देव आहे. मग आपल्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा फाडून बांधायचा, म्हणजे वाटेत काही बाधत नाही. मी चाळीस ठिकाणी बांधून ठेवल्या होत्या. दहा दिवस ये-जा करणाऱ्यांनी बघितलं, की देवाने अचानक एवढ्या जागा घेतल्या आहेत, तर आपणही कमी पडू नये. घरातून देव बाहेर काढणाऱ्या बापाच्या मुलाने जंगलात एका दिवसात चाळीस देव बसवले होते, तेही सरकारी कामात.

साहेब मात्र प्रसन्न झाले. "वाह! बहुत निशान लगाए हैं!"

"जी साब," बडे बाबू म्हणाले. "मैंने खुद खड़े रहके लगवाए."

मी मागे राहून एकेक तांबडी पट्टी सोडत चाललो. गाठी सहज सुटत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या वाईट गाठींचा मला आधार वाटला. पट्टी सोडायची, खिशात कोंबायची आणि धावत दोघांना गाठायचं. चार-पाच वेळा असं झाल्यावर बडे बाबू थांबले.

"पोट बिघडलं का रे?"

"हौ," मी म्हणालो.

"दहीभात खाय. आन् आमच्यापासून जरा लांब चाल."

पहिल्या बोडीवर कमळं होती, दुसरीवर शिंगाड्याचे वेल पसरलेले. पाणी काठोकाठ, पाणकोंबड्या निवांत, समोरचं रान पाण्यात उलटं उभं. खरं सांगायचं तर जागा सुंदर होती. मला ते कबूल करायचं नव्हतं, कारण साहेबांनी आधीच केलं होतं. दुसऱ्या बोडीवर आम्ही जेवायला बसलो. साहेब सतरंजीवर, बडे बाबू त्यांच्यापासून थोडे खाली, आणि मी बडे बाबूंपासून थोडा लांब, पाठ करून. माझ्या दोन्ही खिशांत माय होती. मी जेवलो नाही.

तिसऱ्या बोडीवर पोहोचलो तेव्हा साहेबांनी गळ्याला हात लावला. दुर्बीण मागेच राहिली होती, दुसऱ्या बोडीच्या काठावरच्या दगडावर.

"चलो, वापस चलते हैं. निशान तो हैं ही."

निशान माझ्या खिशात होते.

मागे वळलो. पहिल्याच फाट्यावर साहेब थांबले. लाल पट्टी नव्हती. पण डावीकडे निळी चिंधी होती, उजवीकडे पांढरी आणि समोर बनियन. "लाल वाले कहाँ गए?"

"हवा से उड गए होंगे साब," बडे बाबू म्हणाले. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

मी बोलायला हवं होतं. वाट मला माहीत होती. पण वाट दाखवली तर लाल पट्ट्या कुठे गेल्या हे सांगावं लागणार, आणि ते सांगितलं तर सगळंच सांगावं लागणार. शिवाय अजून बऱ्याच पट्ट्या पुढे बांधलेल्या होत्या. मी पोतं सावरलं आणि गप्प बसलो. साहेबांनी बनियनची वाट धरली.

अर्ध्या तासाने आम्ही एका तळ्यावर आलो. ती पहिलीच बोडी होती, कमळांची, फक्त आम्ही तिच्या मागच्या बाजूने आलो होतो. साहेबांनी हॅट काढली.

"अरे! यह तो नया तालाब है! नक्शे में है यह?"

बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, पाणी ओळखतो. पण त्यांना हेडक्लार्क राहायचं होतं.

"नहीं साब. एकदम नया है. आपके पाँव से निकला."

मी नकाशा उघडला आणि साहेबांच्या बोटाखाली पाचवं तळं काढलं. मग सहावं. सहाव्या तळ्याच्या काठी एका दगडावर एक दुर्बीण ठेवलेली होती. साहेबांनी ती उचलून गळ्यात अडकवली.

"कोई उठाकर यहाँ ले आया. बंदर होगा."

"बंदर ही है साब. इधर के बंदर बडे शौकीन."

सातवं तळं म्हणजे पुन्हा पहिलंच, तिसऱ्या बाजूने. तो नकाशा पुढे भोपाळला गेला, मंजूर झाला, आणि काही वर्षांनी सातही तळ्यांत मासळीचं बी सोडल्याचा कागद माझ्याच टेबलावरून गेला. मी तोही नीट ट्रेस करून दिला.

या सगळ्या फिरण्यात माझं काम मात्र होत होतं. अखेर एकदाची आम्ही चौथी बोडी गाठली तेव्हा माझ्या खिशांत एकोणचाळीस पट्ट्या होत्या. एकच राहिली होती. ती कुठे आहे ते मला पक्कं आठवत होतं. चौथ्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक जुना ऐन आहे, त्याला.

ऐनाजवळ आलो आणि माझे पाय थांबले. झाडाखाली दगड मांडलेले, त्यांवर शेंदूर, कोंबडीची पिसं, फुटलेल्या नारळाची करवंटी. खोडाला वरच्या बाजूला नुसती माझी ती एक पट्टी, काठ असलेली, बाकीच्या सगळ्या चिंध्या तिच्यापासून हात-दीड हात खाली. तिच्या बरोबरीला बांधायची कोणाची छाती झाली नव्हती. लाकडाची मोळी बाजूला ठेवून एक म्हातारी गोंड बाई तिथे बसलेली होती. साहेब आणि बडे बाबू पुढे जाऊन दम खात होते. मी हात वर केला.

म्हातारीने माझं मनगट धरलं. लाकडं तोडणारा हात; सुटणं शक्य नव्हतं.

"हाथ मत लगा बाबू. माई है."

"कधीपासून?" मी विचारलं. ती हिंदीत बोलत होती, मी मराठीत. आमच्याकडे त्याने काही अडत नाही.

"पुरानी माई है. हमरे बाप-दादा के टैम की. बीच में रूठ के चली गई रही. अब लौट आई. मेरी भैंस तीन दिन से नहीं मिली थी. माई को बोली, दूसरे दिन खुद घर आ गई."

दहा दिवसांची माई, आणि बाप-दादाच्या वेळची. मी काय सांगणार होतो तिला? की ही माई नव्हे, माझी माय आहे?

आमचं बोलणं ऐकून साहेब आणि बडे बाबू जवळ आले. साहेबांनी हॅट काढून छातीशी धरली. बडे बाबूंनी पंपशू काढले, चंबूतलं पाणी हातावर घेऊन चूळ भरली, उरलेलं पाणी त्या ऐनाच्या मुळाशी ओतलं आणि धोतर सावरून माझ्या मायच्या लुगड्यापुढे चक्क लोटांगण घातलं. उठताना कपाळाला माती लागलेली. मला म्हणाले, "तुमी लोकं मानत नाई, ठीक हाय. पन अशा जागी निदान चपला त काढत जा."

मी चपला काढल्या. पट्टी मात्र काढता आली नाही. म्हातारी आम्हाला जीपपर्यंत सोडायला आली. तिच्याशिवाय आम्ही आणखी तीन-चार तळी नक्की शोधली असती.

सोमवारी दुपारी बा आला. हातपाय धुतले, चहा घेतला, नागपूरच्या गर्दीचं सांगितलं आणि नेहमीप्रमाणे ट्रंक ओढली. आत्याने माझ्याकडे पाहिलं. बाने झाकण उघडायच्या आत मी एकोणचाळीस पट्ट्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. मार बसेल असं वाटलं होतं, बसला असता तर बरं झालं असतं. बाने पट्ट्या जमिनीवर लावायला सुरुवात केली. कोणती कुठली हे त्याला काठावरून, सुतावरून समजत होतं. एकही चुकली नाही. नऊ वार लुगडं खोलीत मावेना, मग त्याने ते वळवून ओसरीपर्यंत नेलं. मग पदराजवळ बोट ठेवून थांबला. तिथे वीतभर जमीन दिसत होती.

"हे एक कुठं हाय?"

"ऐनाच्या झाडाले. लोकांनी त्याची देवी केली बा. मले सोडू नाई देल्लं."

बाने जमिनीवरचं बोट उचललं. मग म्हणाला, "कोन कोन पाया पडते?"

"सगळेच. लाकडंवाल्या बाया. साहेबानं टोपी काढली. बडे बाबूनं त लोटांगण घातलं."

"तुया हापिसातला? चंबूवाला?"

"हौ."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने बा परसवाड्याला गेला. कुठे जातो ते सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. आत्याने सुई-दोरा काढून ठेवला. मी कार्यालयात गेलो, पण काय काम केलं ते आठवत नाही. शेंदराच्या दगडाला वळसा घालून जाणारा माझा बाप त्या झाडापुढे उभा राहून काय करेल, म्हातारीशी भांडेल की दगड लाथेने उडवेल, दिवसभर माझ्या डोक्यात तेच.

संध्याकाळी परतलो तर तो ओसरीवर पाय धूत होता. हात रिकामे.

आत्याने विचारलं, "आनलं नाई?"

"नाई."

"काहून?"

बाने तांब्या खाली ठेवला. "जित्तेपनी तिच्या हातचं घोटभर पानी कोनं घेतलं नाई. आता तिच्यापुढं लोकं पानी ओतून राह्यले. राहू दे तिले तिथं."

आत्याने डोळ्याला पदर लावला. मी दारातच उभा होतो. थोड्या वेळाने धीर करून मी विचारलं, "बा, तू हात जोडले?"

"मी काहून जोडू? मी नाई जोडत कोनाले." त्याने पंच्याने पाय पुसले, एकेक बोट, सावकाश. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पन तू मारलेली गाठ सैल झालती. ते तेवढी नीट बांधून आलो."